वकील कुणाचा?

"वहिनी, वेगळा वकील कशाला करताय? आपल्या साहेबांचे वकील आहेत ना! फुकटात सगळं करून देतील."

एजंटचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते २०२४ च्या दिवाळीनंतर, नालासोपारा पूर्वेला, एका चार मजली नव्या इमारतीच्या जिन्यात. ऐकून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. बावीस वर्षं भाड्याच्या घरात काढलेली बाई मी. दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट, दर अकरा महिन्यांनी भाडेवाढ आणि दर दोन-तीन वर्षांनी टेम्पोत भांडी. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क, ह्यांनी कंपनीतून व्हीआरएस घेतलेली. त्यांचे आलेले पैसे, माझा पीएफमधला उचल आणि आईने दिलेल्या पाटल्या, एवढ्या भांडवलावर आम्ही घर बघायला निघालो होतो. त्यात कुणी काही फुकट देतो म्हटलं की मन लगेच पाघळतं.

फ्लॅट छानच होता. पांढऱ्या टाइल्स, किचनला ग्रॅनाइटचा ओटा, खिडकीतून लांबवर जीवदानीचा डोंगर. मी मनातल्या मनात देव्हाऱ्याची जागासुद्धा ठरवून टाकली. ५१ हजारांचा टोकनचा चेक त्याच संध्याकाळी दिला. पावती मिळाली साध्या कागदावर.

घरी आल्यावर माझी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही ब्लाउजपीस घेताना कापड उजेडात नेऊन बघता. मग घराचे कागद कुणाला दाखवले?" बोलायला ती जरा फटकळच आहे. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

मैत्रिणींनो, वसई-विरारमध्ये राहणाऱ्या बाईला झोप न येण्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. त्याच सुमारास नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारतींचं प्रकरण गाजत होतं. जागा सांडपाणी प्रकल्पासाठी आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव, आणि त्यावर उभ्या ४१ इमारती! उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही, आणि २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उरलेल्या इमारतींवरही बुलडोझर चालला. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. आमच्या शाळेतल्या एका आयाची बहीण त्यातलीच. तिच्याकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, विजेचं बिल होतं, रेशनकार्डावर तोच पत्ता होता. तिला वाटायचं, एवढी कागदपत्रं आहेत म्हणजे घर आपलंच. पण घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. हे तिला कळलं ते घर गेल्यावर, आणि मला कळलं ते तिचं घर गेल्यामुळे. त्याची लाज अजून वाटते.

तर आम्ही वकील शोधायला लागलो.

आता वकील शोधणं म्हणजे काय, तर पहिला धक्का हा की त्यांच्या जाहिराती नसतात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणजे डॉक्टरसारखंच, चार बायकांना विचारायचं. ह्यांनी मालिकांमधून ऐकलेला शब्द काढला, "सॉलिसिटर बघूया का?" मुंबईत सॉलिसिटर ही वेगळी जात आहे, त्यांची परीक्षासुद्धा वेगळी असते आणि त्यांची ऑफिसं फोर्टात. एक बेडरूम हॉल किचनसाठी तिथवर जाण्याची गरज नसते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असलेला आणि जमिनी-घरांचं काम रोज करणारा आपल्याच तालुक्यातला वकील पुरतो. उलट बरा पडतो, कारण त्याला गावं माहीत असतात.

मी तिघांना भेटले.

पहिले एजंटनेच सुचवलेले. मोठं ऑफिस, एसी. माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "त्या बिल्डरचे पेपर मीच बनवलेत, टायटल क्लिअर आहे." मी विचारलं, "मग तुम्ही माझे वकील की त्यांचे?" ते हसले. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण ते हसणंच मला पुरलं. वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. पण उद्या कागदात खोट निघाली तर ज्याने तो कागद बनवला, तो मला ती खोट दाखवील कशाला?

दुसरे वसई कोर्टाच्या आवारात, टेबल टाकून बसलेले. नोटरीही होते. म्हणाले, "रजिस्ट्रेशनचा खर्च वाचवायचा असेल तर नोटरीवर करून टाकू, चालतं इकडे." चालतं, हे खरं आहे. आपल्याकडे चाळीतल्या खोल्या आणि कितीतरी फ्लॅट असे नोटरीवर विकले गेलेत. पण नोटरीचा शिक्का फक्त एवढंच सांगतो की अमक्याने माझ्यासमोर सही केली. घर त्याचं आहे का, इमारत खरी आहे का, याच्याशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही. स्थावर मालमत्तेची मालकी द्यायची तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावीच लागते. जो तुम्हाला नोंदणी टाळायला सांगतो, त्याच्या टेबलावरून पर्स उचलायची आणि निघायचं.

तिसऱ्या वकीलताई. माझ्याच वयाच्या असतील. पापडीला एका जुन्या घराच्या ओटीवर ऑफिस, कपाटात फायली आणि खिडकीत वाळत घातलेली वाल पापडी. त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. पैसे कुठून आणणार, कर्ज कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर? मग स्वतःहून सांगितलं की तीस वर्षांचा सर्च घेऊ, रिपोर्ट लेखी देऊ, त्यावर माझी सही आणि सनद क्रमांक असेल. फी १८ हजार, अर्धी आत्ता, अर्धी रिपोर्ट हातात दिल्यावर, पावतीसकट. "आणि मी नको म्हटलं तर घर घेऊ नका. घेणार असाल तर मला पैसे देऊ नका." मला त्यांची ही अटच आवडली.

ह्यांना १८ हजार जास्त वाटले. "बँक बघणारच आहे ना कागद? बँकेचा वकील असतो पॅनेलवर." हा युक्तिवाद प्रत्येक घरात होतो. बँकेचा वकील कागद बघतो, पण बँकेसाठी. बँकेने कर्ज मंजूर केलं ही घराची हमी नव्हे. २०२३ मध्ये विरारमध्ये पोलिसांनी बनावट कागदपत्रांचं मोठं प्रकरण उघडकीला आणलं. बनावट शिक्के, बनावट लेटरहेड, बनावट परवानग्या, आणि त्यांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या ५५ इमारती. तिकडे कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून चक्क महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवला होता. महारेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, खूप सोय झाली. संकेतस्थळावर बसल्या जागी प्रकल्पाचे कागद दिसतात, आणि करार नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही. पण तिथे दिसणारा कागद खरा आहे का, ते कुणीतरी उठून जाऊन बघावंच लागतं.

वकीलताई उठून गेल्या, हाच फरक.

त्यांनी बांधकाम परवानगीची झेरॉक्स घेतली आणि महापालिकेच्या नगररचना विभागात तो क्रमांक तपासायला अर्ज केला. सातबारा काढला, फेरफार काढले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी तेव्हा विरार लोकलमध्ये, मीरा रोडच्या आसपास, दारात लटकलेली. एवढंच ऐकू आलं, "तो नंबर दुसऱ्याच इमारतीचा आहे."

परवानगी खरी होती, पण ती दुसऱ्या सर्व्हे नंबरवरच्या, दुसऱ्या मालकाच्या इमारतीची. आमच्या इमारतीच्या झेरॉक्सवर फक्त वरचा मजकूर बदलला होता. शिवाय जमिनीच्या जुन्या फेरफारात आदिवासी खातेदाराचं नाव होतं आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याचा कागद कुठेच नव्हता. आपल्या पालघर जिल्ह्यात हे फार बघावं लागतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला अशा परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. मधल्या काळात दहा हातांतून गेली तरी मूळ खोट राहतेच. वन विभागाची नोंद, गुरचरण, मिठागर, असले शब्द सातबाऱ्यावर दिसले तर थांबायचं, हे मला त्या दिवशी कळलं. सातबारा आता ऑनलाइन मिळतो, आपण स्वतः काढू शकतो. पण "इतर हक्क" या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला सवयीची नजर लागते.

टोकन परत मागायला गेलो तर तोच गोड एजंट ओळख दाखवेना. चार-पाच महिने खेटे घातले. ५१ पैकी २५ हजार मिळाले. बाकीचे सोडून दिले. ह्यांनी त्यानंतर १८ हजारांचा विषय काढला नाही.

मग ऑगस्ट २०२५. विरार पूर्वेला विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग मध्यरात्री कोसळला. सतरा माणसं गेली. एका घरात मुलीचा पहिला वाढदिवस होता त्या दिवशी. ती इमारतही अनधिकृतच होती. फार नाही लिहीत. आम्ही टीव्ही बंद केला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

तोवर आम्ही दुसरं घर बघितलं होतं. वसई पश्चिमेला, नव्वदच्या दशकातली इमारत, तीन मजली, लिफ्ट नाही, पण सोसायटी नोंदलेली. नवं कोरं काही नको, जुनंच बरं, अशा मनःस्थितीत होतो. विकणारे काका पंचाहत्तरीचे, एकटे. सज्जन माणूस. किंमत ३८ लाख ठरली. मला वाटलं, इथे वकिलाला काय काम असणार? शेअर सर्टिफिकेट आहे, सोसायटीची एनओसी मिळेल, झालं.

वकीलताईंनी जुन्या परवानग्या आधी बघितल्या. वसई-विरार महापालिका झाली २००९ मध्ये. त्याआधी इथे बांधकाम परवानग्या देण्याचं काम सिडकोकडे होतं, म्हणून या इमारतीचे कागद सिडकोचे. ते मिळाले, जुळले. भोगवटा प्रमाणपत्र होतं. (जुन्या इमारतीत ग्रामपंचायतीचा नुसता दाखला दाखवला तर समाधान मानू नका.) काकांनी घेतलेलं जुनं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र त्यांनी मागितलं, मूळ करार आणि इंडेक्स टू तपासलं. आणि मग एका ओळीवर बोट ठेवलं. फ्लॅट काका आणि काकी दोघांच्या नावावर होता. काकी २०१९ मध्ये गेल्या. मृत्युपत्र नाही. सोसायटीने नॉमिनी म्हणून काकांचं एकट्याचं नाव लावून शेअर सर्टिफिकेट बदलून दिलेलं.

"मुलं किती?" वकीलताईंनी विचारलं.

"दोन मुलगे," काका म्हणाले.

"आणि मुली?"

काका थांबले. "एक आहे. नाशिकला दिली. तिचं काय त्यात?"

मैत्रिणींनो, ते वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण त्यात काहीच दुष्टपणा नव्हता. माझ्या माहेरीही माझं "काय त्यात" हाच प्रश्न होता. भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली तेव्हा मी चहा पिता पिता केली होती, न वाचता.

वकीलताईंनी शांतपणे सांगितलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने व्यवहारापुरतं धरलेलं नाव. काकींचा अर्धा हिस्सा त्यांच्या पश्चात नवरा, दोन मुलगे आणि मुलगी, अशा चौघांचा. म्हणजे प्रत्येकाचा एक अष्टमांश. मुलीच्या सहीशिवाय झालेली विक्री अपुरी. उद्या ती किंवा तिची मुलं कोर्टात गेली तर माझ्या क्लायंटच्या घरावर बोट येईल.

मुलगे म्हणाले, बोलावून घेतो, सही करेल. आणि खरंच, पंधरा दिवसांनी ती आली. चाळिशीची, प्रवासाने दमलेली, हातात पिशवीत द्राक्षं. भावाने तिला सांगितलं होतं की साक्षीदार म्हणून सही हवी आहे. वकीलताईंनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, वाचा आधी. ही साक्षीदाराची सही नाही, हिस्सेदाराची आहे." खोलीत अशी शांतता पसरली की बाहेरच्या रिक्षांचे आवाज आत आले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगते. मला राग आला. आमचं कर्ज मंजूर झालं होतं, मंजुरीची मुदत संपत आली होती, घरमालकाने खोली सोडायची तारीख दिली होती. या वकीलबाईला हे आत्ताच सांगायची काय गरज? ती माझी वकील आहे की तिची? बाहेर आल्यावर मी हे विचारलंच. त्या म्हणाल्या, "तुमचीच. फसवून घेतलेली सही ही कच्ची सही. तुम्हाला कच्चं घर हवंय का?"

महिनाभर गेला. घरात काय बोलणी झाली मला माहीत नाही, आणि विचारणं माझं काम नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की ती सहविक्रेती म्हणून करारात येणार आणि तिच्या अष्टमांशाची रक्कम, पावणेपाच लाख, तिच्या स्वतःच्या खात्यात चेकने जाणार. किंमत तीच राहिली. मला एक रुपया जास्त पडला नाही. फक्त चेक एकाऐवजी चार लिहिले.

मधल्या काळात वकीलताईंनी दैनिकात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवसांत कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. ते नोटिसांचं पान आपण सगळ्या ज्यावर भाजी निवडतो तेच. आता मी निवडण्याआधी एकदा नजर फिरवते. कुठल्या गावचा कुठला सर्व्हे नंबर, कोण हरवलेल्या कागदांची नोटीस देतंय, वाचायला लागलं की कळतं, तालुका कुठे चाललाय.

दुसरा वाद आमच्याच घरात झाला. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमच्या किंमतीवर ३८ हजार! पण नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत नाही. आधी त्यात पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. ह्यांना काही अडचण नव्हती, ते कर्जात सहकर्जदार राहिले. अडचण सासूबाईंना होती. "व्हीआरएसचे पैसे माझ्या मुलाचे आणि घर हिचं?" दोन दिवस अबोला. मग त्यांच्याच बहिणीची गोष्ट त्यांना आठवली, नवरा गेल्यावर दिराने घराबाहेर काढलेली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घे तुझ्या नावावर. मला मात्र पूर्वेची खोली." एक बेडरूमच्या घरात पूर्वेची खोली म्हणजे हॉलच, पण मी हो म्हटलं.

नोंदणीचा दिवस वसईच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेला. गर्दी, अंगठ्याचं मशीन, फोटो, पुन्हा अंगठा. लाटण्याने आणि भांड्यांनी घासलेले माझे ठसे उमटेचनात. ओल्या रुमालाने पुसून चौथ्यांदा उमटले. नाशिकच्या ताईंनी माझ्या शेजारी बसून सही केली, प्रत्येक पान वाचून. त्यांचे भाऊ घड्याळ बघत होते. वकीलताई नव्हत्या बघत.

रिपोर्टच्या शेवटी त्यांनी एक सूचना लिहिली आहे. आमच्या सोसायटीकडे जमिनीचं कन्व्हेयन्स नाही. इमारत आमची, पण खालची जमीन कागदावर अजून जुन्या जमीनमालकाच्या नावावर. तीस वर्षं कुणाला याची गरज वाटली नाही. उद्या पुनर्विकास करायचा झाला तर तिथेच अडणार. २००८ च्या कायदाबदलानंतर बिल्डर किंवा जमीनमालक सही देत नसेल तरी सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण मागता येतं, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून. नाव अवघड आहे, डीम्ड कन्व्हेयन्स म्हटलं की सगळ्यांना कळतं. वकीलताई म्हणाल्या होत्या की ही त्रुटी घर नाकारण्याएवढी नाही, पण माहीत असून घ्या.

मागच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. गच्चीवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मी डीम्ड कन्व्हेयन्सचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "करायला हवं खरं. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, पूर्वी त्या जमीनमालकांचंच काम बघायचे, त्यांना सगळं माहीत आहे, स्वस्तात करून देतील."

तळमजल्यावरच्या डिमेलो आँटींनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काका, ते वकील कुणाचे?"